कशाने धुवायचं तोंड?

(रायगड किनाऱ्यावरच्या मासळी विकणाऱ्या, मासळी सुकवणाऱ्या आणि मिठागरावर काम करणाऱ्या बायकांच्या गटांच्या आरोग्य शिबिरात केलेलं भाषण. नंतरच्या चर्चेत मैत्रिणींनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं यात सामावून घेतली आहेत.)

मैत्रिणींनो, मावश्यांनो आणि मागे भिंतीला टेकून बसलेल्या आज्यांनो,

शिबिराच्या कागदावर माझ्या नावापुढे ‘कोरडी त्वचा आणि साबणाची निवड’ असा विषय लिहिलेला पाहून आपल्याच काही कार्यकर्त्या हसल्या. एकीने विचारलंही, “मारहाण, रेशन, सातबारा हे सगळं सोडून तू तोंड धुण्यावर बोलणार? पार्लर काढतेस की काय?”

प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर आधी देते. मी समाजकार्याची पदवी घेऊन या किनाऱ्यावर कामाला लागले तेव्हापासून बायकांच्या आरोग्याच्या बैठका घेते. ‘काय दुखतं?’ असं विचारलं की फळ्यावर यादी होते. कंबर, गुडघे, अंगावरून पांढरं जाणं, रक्त कमी असणं. बैठक संपते, सतरंजी गुंडाळली जाते आणि मग हमखास कुणीतरी जवळ येऊन हळूच म्हणते, “ताई, तोंड चरचरतं गं. पाणी लावलं तरी आग होते.” हे दुखणं फळ्यावर कधी येत नाही, कारण चेहऱ्याबद्दल बोलणं म्हणजे नटणं-मुरडणं अशी आपली समजूत आहे. कष्टकरी बाईने पाठीबद्दल तक्रार करावी, चेहऱ्याबद्दल नाही.

यात आपल्या चळवळीचाही थोडा वाटा आहे. १९९४ साली आपल्या देशातल्या दोन मुली विश्वसुंदरी आणि जगत्सुंदरी झाल्या आणि सौंदर्याची बाजारपेठ खेड्यापाड्यांत पोचली. १९९६ साली बंगळूरला जगत्सुंदरी स्पर्धा भरली तेव्हा स्त्री-संघटना रस्त्यावर उतरल्या. बाईचं शरीर ही विकाऊ वस्तू नाही हे त्यांनी ठणकावून सांगितलं, ते योग्यच होतं. पण बाजाराला विरोध करताना चेहऱ्याचं बोलणंच आपण बाजारावर सोडून दिलं. तोंड चरचरतं तेव्हा काय करावं हे सांगायला टीव्हीवरची जाहिरात आली, औषधाच्या दुकानातला पोरगा आला, पार्लरवाली आली. आपण गेलो नाही. म्हणून आज हा विषय.

कातडी म्हणजे भिंत

आपली कातडी ही भिंत आहे. भिंतीत दगडावर दगड असतात आणि त्यांच्या सांध्यांत चुना असतो, तसे कातडीच्या वरच्या थरात मेलेल्या पेशींचे पापुद्रे असतात आणि त्यांच्यामध्ये चरबीचा चुना असतो. ही चरबी आतलं पाणी बाहेर जाऊ देत नाही आणि बाहेरचं मीठ, घाण, जंतू आत येऊ देत नाही. चुना खरवडला गेला की भिंत गळायला लागते. कातडी ताणते, पांढुरकी होते, पापुद्रे सुटतात, आणि एरवी न झोंबणाऱ्या गोष्टी झोंबायला लागतात. कोरडी आणि हळवी त्वचा म्हणतात ती हीच. हा रोग नव्हे, पण रोगाला दार उघडं करून देणारी अवस्था आहे.

काही जणींचा हा चुना जन्मतःच कमी असतो. घरात दमा, शिंका, इसब असेल तर जास्त शक्यता. पाळी थांबल्यावर कातडीतलं तेल कमी होतं, म्हणून चाळिशी-पन्नाशीनंतर बऱ्याच जणींना हा त्रास सुरू होतो. बाकीच्यांचा चुना कामावर जातो.

आता आपलं काम बघा. वलांडीवर बोंबील टांगायचे, खळ्यात जवळा पसरायचा, तो दिवसातून चार वेळा हलवायचा. हे सगळं ऑक्टोबरपासून पावसाळ्यापर्यंत, उन्हाच्या ऐन वेळेत. समुद्राचा वारा ओला वाटतो, पण त्यात मीठ असतं. घाम सुकतो आणि त्याचंही मीठ चेहऱ्यावर राहतं. पेण-उरणकडे मिठागरावर काम करणाऱ्या बायांना तर वरून ऊन आणि खालून पांढऱ्या मिठावरून परत येणारं ऊन. मासळी बाजारात बसणारीचे हात दिवसभर बर्फाच्या पाण्यात, आणि तोच ओला हात घाम पुसायला तोंडावर. तळोजाकडे कोळंबी सोलायला जाणाऱ्या मुलींच्या हातांना बर्फ आणि जंतुनाशकाचं पाणी. घरी आल्यावर चुलीचा धूर. एवढं सोसून भिंत शाबूत राहिली तरच नवल. त्यामुळे ‘माझी स्किनच खराब आहे’ असं म्हणणाऱ्या मुलींना मी सांगते, तुझी स्किन खराब नाही, ती कामाला गेलेली आहे. गवंड्याच्या हाताला घट्टे पडतात तसंच हे.

साबण काय करतो

तेल आणि सोड्याचा खार एकत्र शिजवला की साबण होतो. तो एका बाजूने तेलाला धरतो, दुसऱ्या बाजूने पाण्याला, आणि मळ ओढून नेतो. पण मळाचं तेल आणि आपल्या भिंतीतला चुना यांतला फरक साबणाला कळत नाही.

दुसरी गोष्ट आंबटपणाची. कातडी किंचित आंबट असते. आम्ल-खार मोजायची एक पट्टी असते. तिच्यावर शुद्ध पाणी सातला येतं, निरोगी कातडी पाचच्या आसपास, आणि साबण नऊ ते दहाला. या पट्टीवर एकेक आकडा म्हणजे दहापट, म्हणजे हे अंतर हजारोपटींचं झालं. निरोगी कातडी काही तासांत पुन्हा आपल्या जागेवर येते. पण दिवसातून चार वेळा साबण लावला तर तिला परत यायला वेळच मिळत नाही. आणि आपल्यातल्या किती जणी कपड्याच्या वडीने किंवा चिमूटभर पावडरने तोंड धुतात? हात वर करा, लाजू नका. बघा, निम्म्याहून जास्त आहेत. कपड्याचा साबण त्याहून खारा असतो. तो लुगड्यासाठी बनवलेला आहे.

पण का लावतो आपण तो? वासासाठी. पाटी विकून झाली की बसमध्ये बसायचं असतं, मुलाच्या शाळेत जायचं असतं, बँकेत जायचं असतं. शेजारची बाई नाकाला पदर लावते. तो अपमान धुवायला आपण चेहरा खरवडतो. मैत्रिणींनो, मासळीचा वास कातडीत मुरत नाही. तो बहुतेक हातांना, केसांना आणि कपड्यांना असतो. वास देणारा पदार्थ खारट जातीचा असतो, म्हणून आंबटाने तो कमी होतो. हाताला चिरा नसतील तर चिंचेचं किंवा आमसुलाचं पाणी चोळा आणि धुऊन टाका. चेहऱ्याचा त्यात काही दोष नाही. लिंबू मात्र चेहऱ्याला लावू नका. लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की भाजल्यासारखे डाग उठतात आणि ते महिनोन्‌महिने जात नाहीत.

तिसरी गोष्ट पाण्याची, आणि ती आपल्या किनाऱ्याची आहे. खारेपाटातल्या विहिरींच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही हे तुम्हाला माहीतच आहे. साबण बनवणारे कढईत मीठ टाकूनच साबण पाण्यातून वेगळा काढतात, तसंच खाऱ्या पाण्यात साबण विरघळत नाही. आणि जड पाण्यात चुन्याचे क्षार असतात, त्यांच्याशी मिळून साबणाचा चिकट साका होतो. तोच साका बादलीच्या कडेला दिसतो. फेस येत नाही म्हणून आपण आणखी घासतो, आणि तो साका तोंडावर तसाच सुकतो. म्हणजे खाऱ्या पाण्याच्या गावातल्या बाईला साबण जास्त लागतो, पैसा जास्त जातो आणि तोंडही जास्त भाजतं.

वेष्टण वाचायला शिकूया

आता दुकानात काय घ्यायचं ते सांगते. कंपनीचं नाव सांगणार नाही. नाव पाठ करण्यापेक्षा वेष्टण वाचता येणं महत्त्वाचं.

आंघोळीच्या वडीवर दोनपैकी एक शब्द असतो, ‘टॉयलेट सोप’ किंवा ‘बाथिंग बार’. टॉयलेट सोपवर टीएफएम असा आकडा असतो. तो म्हणजे वडीत खरं तेल-चरबीचं द्रव्य किती. भारतीय मानकाप्रमाणे पहिल्या प्रतीला निदान ७६ टक्के, दुसऱ्या प्रतीला ७०, तिसऱ्या प्रतीला ६०. बाथिंग बारमध्ये ४० टक्केसुद्धा चालतं. उरलेल्यात भरताड असू शकतं. साबणच घ्यायचा असेल तर ७६ किंवा अधिक टीएफएमचा, कमी वासाचा, फिक्या रंगाचा घ्या. स्वस्त बारपेक्षा तो उशिरा झिजतो, म्हणून किंमत वजनाने आणि दिवसांनी भागून बघा.

पण आकडा जास्त म्हणजे वडी मऊ, असं नाही. साबण तो साबणच, खारा. ज्यांचं तोंड खरोखर चरचरतं त्यांच्यासाठी साबण नसलेली वडी किंवा पातळ क्लेन्झर मिळतो. त्यातला मळ काढणारा पदार्थ वेगळा असतो, त्याचा खार कातडीच्या जवळ आणलेला असतो आणि खाऱ्या-जड पाण्यातही त्याचा साका होत नाही. गंमत अशी की यातल्या काही वड्यांवरही ‘बाथिंग बार’ असंच लिहिलेलं असतं. मग ओळखायचं कसं? घटकांची यादी बघा. पहिलंच नाव ‘सोडियम पामेट’, ‘सोडियम टॅलोएट’ असं असेल तर तो साबण. ‘सोडियम कोकोइल आयसेथिओनेट’ असं लांबलचक नाव पहिलं असेल तर ती साबण नसलेली वडी. पातळ क्लेन्झरमध्ये ‘सोडियम लॉरिल सल्फेट’ वरच्या दोन-तीन नावांत असेल तर कोरड्या चेहऱ्याला तो नको. ‘ग्लिसरीन’ असेल तर चांगलं. ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रॅग्रन्स’ नसेल तर अधिक चांगलं, कारण सुगंध हे हळव्या कातडीच्या खाजेचं मोठं कारण आहे.

आता हे सगळं इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरांत असतं. वेष्टणावरची सक्तीची माहिती हिंदीत किंवा इंग्रजीत दिली की कायद्याचं समाधान होतं. मराठीत द्यायचं बंधन नाही. जाहिरात मात्र मराठीत येते! विकायची भाषा आपली आणि माहितीची भाषा परकी, हा काय न्याय झाला? तोवर आपल्या गटातली दहावी-बारावी शिकलेली एखादी मुलगी आणि मोबाइलमधला कॅमेरा कामाला लावा. फोटो काढून मोठा केला की अक्षरं दिसतात.

काही शब्दांवर विसंबू नका. ‘हर्बल’, ‘नॅचरल’, ‘आयुर्वेदिक’ लिहिलं म्हणून ते सौम्य होत नाही, खाजकुइलीसुद्धा नैसर्गिकच. ‘बाळाचा साबण’ हाही बहुधा साबणच असतो. पारदर्शक ग्लिसरीन साबण थोडा बरा, पण तोही खारा. ‘जंतुनाशक’ साबण कोरड्या चेहऱ्याला नकोच. साध्या साबणापाण्यापेक्षा ते जास्त गुणकारी आहेत हे कंपन्या सिद्ध करू शकल्या नाहीत, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ साली ट्रायक्लोसानसकट १९ जंतुनाशकं घरगुती साबणांतून काढायला लावली. दाणेदार ‘स्क्रब’ तर अजिबात नको. आपल्या चेहऱ्यावर मिठाचे दाणे आधीच आहेत.

घरात काय आहे

मागच्या आज्या मघापासून कुजबुजताहेत की आमच्या वेळी कुठे होतं हे सगळं. खरं आहे, आणि त्यांचं बरंचसं ज्ञान टिकाऊ आहे. डाळीचं पीठ तेल शोषून घेतं आणि साबणाइतकं खारं नसतं. वस्त्रगाळ करून, दुधात किंवा सायीत कालवून, न चोळता लावलं तर चालतं. पण ते चेहऱ्यावर वाळू द्यायचं आणि मग खरवडून काढायचं, हे कोरड्या कातडीला मानवत नाही. मुलतानी माती तेलकट चेहऱ्यासाठी, आपल्यासाठी नाही. खायचा सोडा खारा, नको. रिठा डोळ्यांना झोंबतो, नको. सोडणाने किंवा वजरीने टाचा घासा, गाल नाही. हळद बहुतेकींना चालते, पण काहींना तिनेच खाज येते.

सगळ्यात मोठा ठेवा म्हणजे खोबरेल तेल आणि कोकमाचं तेल. कोकमाच्या बियांचं ते घट्ट तेल आपण हिवाळ्यात टाचेच्या भेगांना लावतो. गरम हाताने पातळ करून थोडंसं गालालाही चालतं. हे निघून गेलेल्या चुन्याची जागा काही काळ घेतं. ज्यांना मुरमं येतात त्यांनी खोबरेल जपून लावावं. काहीच नसेल तर बिनवासाची पेट्रोलियम जेली घ्या. महागड्या मलमाइतकंच ती पाणी धरून ठेवते.

पद्धत साबणाइतकीच महत्त्वाची. सकाळी नुसतं पाणी पुरे. कामावरून आल्यावर आधी गोड्या पाण्याचे चार हबके मारा, म्हणजे मीठ विरघळून जाईल. मिठासकट घासलं की ओरखडे उठतात. मग वाटाण्याएवढा क्लेन्झर किंवा हातावर केलेला थोडा फेस बोटांनी अर्धा मिनिट फिरवा आणि स्वच्छ धुवा. पाणी कढत नको. टॉवेलने टिपा, पुसू नका. आणि तोंड ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत तेल किंवा मलम लावा. वाळल्यावर लावलेलं तेल कोरडेपणाच बंद करून ठेवतं. नवी वस्तू घेतली की आधी कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर लावून बघा.

बरोबर वस्तू मिळाली हे कसं ओळखायचं? तोंड धुऊन अर्धा तास काहीही लावू नका. कातडी ताणली, हसताना ओढ बसली, की तो साबण तुमचा नाही. ‘कसं स्वच्छ करकरीत वाटतं’ असं आपण म्हणतो ना, तो करकरीतपणा म्हणजे चुना गेल्याचा आवाज आहे.

गोरेपणाचा पारा

आता त्या वस्तूंबद्दल, ज्या साबणापेक्षा फार जास्त नुकसान करताहेत. चेहऱ्यावर वांग आले, रापले, की मुली क्रीम आणतात. वांग म्हणजे मळ नव्हे. ऊन, गरोदरपण, काही गोळ्या यांनी कातडीतला रंग वाढतो. घासून तो जात नाही, घासल्याने वाढतो. त्याला पहिला उपाय म्हणजे सावली आणि कपाळ-गाल झाकणारा सुती रुमाल.

गोरेपणाचं पहिलं मोठं क्रीम, फेअर अँड लव्हली, आपल्याकडे १९७५ साली आलं. त्याची एक जाहिरात होती. बाप म्हणतो, मुलगा असता तर बरं झालं असतं. मुलगी क्रीम लावते, उजळ होते, हवाईसुंदरीची नोकरी मिळवते आणि बाप खूश. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने या जाहिरातींविरुद्ध चिकाटीने तक्रारी केल्या आणि २००३ साली त्या मागे घ्याव्या लागल्या. २०२० साली जगभर वर्णभेदाविरुद्ध आंदोलनं उठली तेव्हा कंपनीने नावातलं ‘फेअर’ काढलं आणि ‘ग्लो’ घातलं. नाव बदललं; पण लग्नाच्या बोलण्यात ‘मुलगी सावळी आहे’ हे वाक्य अजून बदललेलं नाही, आणि ते कंपनीचं नाही, आपल्या घरातलं आहे.

पण नावाजलेल्या कंपनीच्या क्रीमपेक्षा मला जास्त भीती वाटते ती बिननावाच्या डबीची. २०२३ साली वर्तमानपत्रांत बातमी आली होती. अकोल्यातल्या एका घरातल्या आई आणि मुलींच्या मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला तेव्हा कारण निघालं चेहऱ्याचं क्रीम. त्यात पारा होता. त्याच वर्षी केरळात मलप्पुरम जिल्ह्यातही अशा क्रीमांनी मूत्रपिंडं बिघडलेले रुग्ण सापडले. पारा रंग तयार होऊ देत नाही, म्हणून आठवड्यात चेहरा उजळतो. आणि तोच पारा कातडीतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात जातो. पोटात बाळ असेल तर बाळापर्यंत जातो.

पाऱ्यावर बंधन घालणाऱ्या जागतिक कराराचं नाव मिनामाता करार. मिनामाता हे जपानमधलं कोळ्यांचं गाव. तिथल्या रसायनाच्या कारखान्याने खाडीत पारा सोडला, तो मासळीत उतरला आणि ती मासळी खाणाऱ्या कुटुंबांचे हातपाय लुळे पडले, मुलं अपंग जन्मली. १९५६ साली तो आजार जगापुढे आला. २०१३ साली करार झाला, २०१८ मध्ये भारत त्यात सामील झाला. समुद्रावर जगणाऱ्या बायकांना हे कुणी वेगळं समजवायला नको. एका कोळीवाड्याने जे भोगलं, ते दुसऱ्या कोळीवाड्यातली मुलगी पैसे देऊन गालाला लावते, ही केवढी शोकांतिका आहे!

दुसरं विष स्टेरॉइडचं. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही औषधं आहेत, डॉक्टरने ठरवलेल्या आजारासाठी आणि ठरवलेल्या दिवसांसाठी. नायट्याला आणलेली ट्यूब तोंडाला लावली की पहिल्या आठवड्यात चेहरा मऊ, उजळ दिसतो. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, मुरमं उठतात, केस येतात, आणि ऊनही सोसत नाही. बंद केलं की आग भडकते, म्हणून पुन्हा लावायचं. हे व्यसनासारखंच. २०१८ साली केंद्र सरकारने अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी ती सर्रास मिळतात. माझ्या माहितीतली एक मुलगी तीन वर्षं अशी ट्यूब लावत होती. ती वाळवणावर दुपारी जाऊ शकत नव्हती, म्हणून तिची मजुरी अर्धी झाली. ‘स्किन’चा प्रश्न असा रोजीचा प्रश्न होतो. कुणी अशी ट्यूब लावत असेल तर तिला रागावू नका आणि एकदम बंदही करायला लावू नका. त्वचेच्या डॉक्टरकडे बरोबर घेऊन जा.

आणखी दोन गोष्टी. टिकलीच्या जागी पांढरा ठिपका दिसला तर पुष्कळदा कारण टिकलीचा गोंद असतो. टिकली बंद करा आणि डॉक्टरला दाखवा; बाईच्या पापपुण्याशी त्याचा संबंध नाही. आणि चेहऱ्यावर किंवा अंगावर फिकट चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर क्रीमच्या नादी लागू नका. तो कुष्ठरोग असू शकतो. सरकारी दवाखान्यात त्याचं औषध फुकट मिळतं आणि तो पूर्ण बरा होतो. उशीर केला तरच बोटं, डोळे जातात.

साबणाच्या आधी पाणी

इतकं सगळं सांगितलं, आणि तुमच्यातली एक म्हणेल, “ताई, गोड्या पाण्याचे चार हबके मारायचे कुठे?” हाच खरा प्रश्न आहे. बंदरावर बर्फाला जागा आहे, डिझेलला जागा आहे, बाईला तोंड धुवायला नळ नाही. कितीतरी बाजारांत ओट्यावर छप्पर नाही, मोरी नाही, संडास नाही. मग बाई घरून आणलेल्या बाटलीभर पाण्यात हात, पाय, तोंड सगळं उरकते आणि वास जात नाही म्हणून वडी जास्त घासते. चांगला क्लेन्झर घेणं हे एकेकीच्या हातात आहे. नळ मिळवणं एकटीच्या हातात नाही.

पण मागायला आधार आहेत. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे प्रत्येक शहरात विक्रेता समिती असायला हवी आणि त्यातल्या विक्रेत्यांच्या जागांपैकी एक तृतीयांश बायकांच्या. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, उरण, पेण या नगरपरिषदांत त्या जागांवर कोण बसलंय, तुमच्यापैकी कुणाला ठाऊक आहे? २०२० पासूनच्या केंद्राच्या मत्स्यसंपदा योजनेत मासळी उतरवण्याची केंद्रं आणि बाजार यांसाठी पैसा आहे. त्या आराखड्यात बायकांसाठी गोड्या पाण्याचा नळ, आडोसा आणि सावलीची शेड आहे का, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. याच अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं खोतांविरुद्ध संप चालवला. जमिनी पडीक ठेवल्या, उपाशी राहिले, मागे हटले नाहीत. त्यांच्या नातसुनांनी एक नळ मागायला कचरायचं कारण नाही.

तर गटांसाठी तीन कामं सुचवते. एक, पुढच्या बैठकीत प्रत्येकीने घरातला साबण आणि क्रीम वेष्टणासकट आणायचं आणि सगळ्यांनी मिळून वाचायचं. ज्या डबीवर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच, मुदत आणि घटक नाहीत, ती वापरणं बंद करायचं. ती फेकू नका. कुठून आली ते लिहून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार द्या, आणि ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा. दोन, बचत गटाने सौम्य क्लेन्झर आणि खोबरेल घाऊक भावाने आणून वाटून घ्यायचं, म्हणजे एकटीवर बोजा पडणार नाही. तीन, आपल्या बंदरावर आणि बाजारात नळ, मोरी, सावली काय आहे आणि काय नाही याची पाहणी करायची आणि ती यादी सह्यांसकट ग्रामपंचायतीत, नगरपरिषदेत आणि मत्स्यव्यवसाय खात्यात द्यायची.

मैत्रिणींनो, चेहरा गोरा करायचा नाही आपल्याला. तो उन्हात राबतो, हसतो, भांडतो, मोर्चात पुढे असतो. त्याची आग होऊ नये, एवढंच मागणं आहे. ते फळ्यावरच्या यादीत कंबर आणि गुडघ्यांच्या शेजारी लिहायला आजपासून सुरुवात करूया. खडू कुणाकडे आहे?